एक ओ जास्त

मंगळवारी साडेसहाला, ग्रिम्स्बीत,
मेथडिस्ट चर्चमागच्या खोलीतला हीटर
नुसता खोकतो, तापत नाही.
म्यूरिएल ब्लँचर्ड कोट न काढताच शिकवते.
एकतीस वर्षं ती गावच्या वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायची;
नजरेतून निसटून छापली गेलेली चूक
रात्री तिच्या उशाशी येऊन बसायची,
पाहुण्यासारखी, न बोलता.

वर्गात नऊजण.
आठांच्या हातांना हॅडॉकचा वास.
साबणाने जात नाही तो. लिंबाने थोडा जातो.

आज शब्दांमधले तोतये.
क्वाएट म्हणजे शांत, क्वाइट म्हणजे बऱ्यापैकी.
दाइवाने लगेच वाक्य केलं:
ग्रिम्स्बी रविवारी बऱ्यापैकी शांत असतं.
दोन्ही शब्दांत ई आणि टी एकमेकांच्या खुर्चीत बसले,
तरी वाक्य खरंच राहिलं.

स्टेशनरीत ए आला की बस जागच्या जागी उभी.
ई आला की पाकिटं, टाचण्या, कार्बन पेपर.
"कार्बन पेपर काय असतं?" शिलानने विचारलं,
आणि म्यूरिएलला एकदम
गुडघ्यांची आठवण झाली.

जेवणानंतरच्या डिझर्टला एस दोन,
"कारण गोड आपण दुसऱ्यांदा मागतो.
वाळवंटाला एकच."
"बरोबर आहे, मिस," किब्रोम म्हणाला,
"ते दुसऱ्यांदा कुणी मागत नाही."
अकरा दिवस ट्रकच्या टपावरून
बघितलं होतं त्याने ते.
सगळे हसले. तोही.

मग वह्या.
घरच्यांबद्दल चार वाक्यं लिहायची होती,
किब्रोमने एकच लिहिलं होतं:
आय लूस माय ब्रदर इन द सी.

काळ चुकला होता, पण काळाकडे ती नंतर बघणार होती.
आधी हा ओ.
लूझ म्हणजे गमावणं, त्यात ओ एकच.
दोन ओ घातले की लूस: सैल, सुटं,
आणि क्रियापद म्हणून वापरलं तर
सोडून देणं.

तांबडी पेन्सिल कागदावर टेकली नाही.
तिला दिसली पाण्यावरची दोन गोल तोंडं, शेजारी शेजारी.
एकतीस वर्षांत पहिल्यांदाच
तिला एक चूक ठेवून घ्यावीशी वाटली.
"हे चूक आहे," ती हळूच म्हणाली, "पण असू दे.
सुंदर आहे."

"दोन ओचा अर्थ काय, मिस?"
तिने बुटाची नाडी दाखवली, सुटलेली.
समजलं नाही.
मग हाताची मूठ वळली,
आणि उघडली.

किब्रोमने त्या उघड्या तळव्याकडे पाहिलं.
"नाही," तो म्हणाला.
पेन्सिल तिच्या बोटांतून काढून घेतली.
"मी सोडला नाही त्याला.
माझ्या पट्ट्याने मनगटाला मनगट बांधलेलं.
बक्कल तुटलं."

आणि एक ओ खोडला, इतका दाबून
की पुढच्या तीन पानांवर त्याचा वळ उठला.

ध चा मा झाला की माणूस मरतो,
मराठीत हे शाळकरी पोरालाही ठाऊक.
इथे मेलेला मेलेलाच राहणार होता,
फक्त जिवंत राहिलेल्याची साक्ष
एका शून्याएवढ्या अक्षराने फिरली असती.
आणि म्यूरिएल ती फिरू देणार होती,
सुंदर म्हणून.

"आता बरोबर?"
"काळ राहिलाय," ती म्हणाली. घसा साफ केला.
"लॉस्ट. भूतकाळ."
त्याने लिहिलं. बाकीच्या आठांनीही
आपापल्या वह्यांत उतरवून घेतलं.

हीटर बंद करून, फळा पुसून झाल्यावर
तिने पुढच्या मंगळवारचा कागद काढला.
ब्रेथ आणि ब्रीद:
श्वास, आणि श्वास घेणं.
शेवटी फक्त एक ई लागतो.

तिने तो धडा
जूनमध्ये ढकलला.