उलाढाल

पेपरात आलंय : पाच दिवसांच्या कुस्त्यांनी
कोल्हापुरात चाळीस कोटींची उलाढाल.
शेंगपेंड बांधून आलेला कागद. मी तो सरळ केला,
दोनदा वाचला. चाळीस. वर कोटी.

असतील. खोटं कशाला म्हणू?
स्टेशन रोडला मोमीनांच्या लॉजवर
आठशेची खोली अडीच हजाराला गेली,
जिन्यात गाद्या टाकून झोपली माणसं.
'रस्सा संपला'च्या पाट्या रात्री नऊलाच.
मटण किलोमागं ऐंशीनं चढलं.
पाहुणे उतरले गाडीत बसून,
मटण काही उतरलं नाही.

आमच्या चार म्हशी तेवढ्या आड आल्या.
ताफा गंगावेशीतनं जाणार,
रस्त्यावर शेण दिसता कामा नये.
नोटिशीवरचा शिक्का वाकडा, पण शिक्का.
सासऱ्याच्या बापापासनंचा दूधकट्टा पाच दिवस बंद.
गावात चारशे पैलवान
आणि आमचं दूध डेअरीच्या कॅनमध्ये, फॅट मोजत.

थोरला जयसिंग स्वयंसेवक झाला.
मोबदला एक टी-शर्ट,
पाठीवर कसल्याशा पावडरीचा डबा छापलेला,
आणि दोन वेळचं पाकीट.
एक पाकीट त्यानं न खाता मला आणलं.
पुऱ्या ताठ झालत्या. खाल्ल्या.

उलाढाल म्हणजे काय
ते तालमीच्या शेजाऱ्याला सांगू नये.
वर-खाली, खाली-वर,
माती दोघांच्याही अंगाला लागते.
पंच वाकून बघतो ते एवढंच,
पाठ कुणाची टेकली.

चौथ्या पहाटे गोठ्याच्या दारात एक पोरगं.
कान मोडलेले, मिशी नुसती ठरवलेली.
बीडकडचं कुठलं. पहिल्याच फेरीत गेलेलं.
वस्ताद म्हणालेला म्हणे,
जिंक नाहीतर हर,
कोल्हापूरला म्हशीखालचं दूध पिऊन ये.
मी चंदीच्या पाठीवर थाप मारली,
त्याच्याच तांब्यात धार सोडली.
फेस नाकाला लागला तरी तोंड काढीना.
खिशात एस्टीपुरतेच होते.
"मावशी, लिहून ठेवा," म्हणाला.

लिहिलंय. दारामागं, खडूनं :
उत्रेश्वर, एक लिटर, उधार.
आडनाव विचारायचं राहिलं.
पेपरवाल्यानं हे लिटर धरलंय का,
तेही विचारायचं राहिलंय.

आज कट्टा उघडणार.
दोरी सोडली तर चंदी आपली आपणच
गंगावेशीच्या वळणाला लागली,
आणि मधोमध,
ताफा गेला त्या रस्त्यावर,
सावकाश शेण टाकून पुढं झाली.