धूळ गाळणाऱ्यांच्या गावात

टेबलावर विटा शहर पसरलंय, चार कोपऱ्यांना चार पेपरवेट.
प्रभाग, गल्ल्या, गटारी, बोळ,
आणि माझ्याकडे तीन स्केचपेन.
हिरवा ओल्यासाठी, निळा सुक्यासाठी,
लाल, जे कागदात गुंडाळून मान खाली घालून दिलं जातं
त्यासाठी.
गाड्या सहा. एक कायम गॅरेजात.
म्हणजे पाच.

साहेबांना सोमवारी वेळापत्रक हवंय.
मी गुणाकार करत बसते,
घरटी ओलं किती, सुकं किती,
लग्नसराईत कार्यालयांच्या मागे किती पत्रावळ्या.
यंत्रमागाचा कापूसभुगा ओला नाही, सुका म्हणावा तर
पेटीत टिकत नाही, उडतो.
रसवंतीचं चिपाड म्हशीवाले नेतात, ते वजा.
कोंबड्यांची पिसं.
पिसांसाठी माझ्याकडे रंगच नाही.

छबूताई आवळे दारातूनच बघतात नकाशाकडे.
बावीस वर्षं झाडलंय त्यांनी हे सगळं,
वरून आज पहिल्यांदा बघतायत.
आत या म्हटल्यावर येतात, बोट टेकवत नाहीत,
वीतभर वरूनच दाखवतात.
"हितं गाडी वळत न्हाई. जिना फुडं आलाय.
आन् सहाला कोण देतंय कचरा?
सहाला पानी येतंय.
दिसाआड, पाऊण तास.
हंडा सोडून बादली आणंल व्हय कोण?"

मी सहा खोडून सव्वासात करते.
मार्गदर्शिकेच्या एकशेबारा पानांत
नळ कुठेच नव्हता.

रात्री जेवताना आबांना सांगते हे.
आबा सेलमला गलाईवाले होते, चौतीस वर्षं.
सराफाच्या दुकानातली धूळ विकत घ्यायचे.
पायपुसणं, झिजलेली चटई, कारागिरांनी हात धुतलेलं पाणी,
भट्टीखालची राख,
सगळं जाळायचं, धुवायचं, तेजाबात घालायचं,
मग मुशीच्या तळाशी
ज्वारीच्या दाण्याएवढं पिवळं.
तसल्या दाण्यांवर ही स्लॅब पडली.
माझी इंजिनिअरिंगची फीसुद्धा.
आमच्या आळीत शेंबडं पोरही सांगेल
झाडलेलं म्हणजे टाकलेलं नव्हे.
आणि आमच्याच आळीतून येते
गाठ मारलेली एक काळी पिशवी,
भातात ब्लेड, सालींत डायपर.

आबा विचारतात, "टनाला उतारा किती?"
खताचा, त्यांना म्हणायचं असतं.
दीड-दोनशे किलो, मी म्हणते, नीट वेगळं आलं तर.
"आन् मिसळून आलं तर?"
तर काही नाही. तर रेवणसिद्धाच्या रस्त्याला दिसतो ना, तो ढीग.
ते भाकरीचा तुकडा आमटीत तसाच धरून ठेवतात.
तेजाबाने त्यांच्या नखांचा रंग गेलाय,
तो पगार थांबल्यावरही परत आला नाही.
"मिसळलेल्या धुळीला आम्हीपण भाव पाडून द्यायचो," म्हणतात.
थोड्या वेळाने,
"निवडणारीचा वाटा किती धरलायस?"

तक्त्यात डिझेल आहे, चालक आहे,
ताडपत्री, जनजागृतीचे फलक, भिंती रंगवणं.
वाटा नाही.
मी वाढायला उठते.

सोमवारी सकाळी वेळापत्रक.
जिन्याच्या बोळात ढकलगाडी.
पाण्याच्या दिवशी सव्वासात, एरवी साडेसहा.
पिसांना सध्या लाल.
सगळ्यात खाली, पेन्सिलीने, मंजूर नसलेलं,
सुक्याच्या विक्रीतून निवडणाऱ्यांना हिस्सा,
आणि हातमोजे, वर्षाला सहा जोड.

माप काय लिहू, विचारलं.
छबूताई हसल्या. मागच्या खेपेला आले ते बाप्यांच्या मापाचे,
आत बोटं घसरायची, काच टोचायची ती टोचायचीच.
मग त्यांनी साडीला हात पुसून
पंजा कागदावर ठेवला, पसरून,
पार तासगाव नाक्यापर्यंत,
आणि मी बोटांभोवती रेघ ओढली
जो पेन हाताला आला त्याने.