वेइक्कोची पाठ

इनारीच्या तळ्यावर जुलैत रात्र येते ती नावापुरती.
साडेअकराच्या उन्हात
भाऊ पायरीवर बसला शर्ट काढून,
"अऊने, बघ गं जरा. जीव नकोसा झालाय."

मी चष्मा पुसला.
चाळीस वर्षं या गावाची परिचारिका होते मी.
माणसं तोंडानं सांगतात त्याहून जास्त
कातडीनं बोलतात,
आणि कातडीला लपवाछपवी जमत नाही.

मानेवर डास. फुगीर गांधी, कडा विरलेल्या,
सकाळपर्यंत निवतील.
कानामागे, केसांच्या कडेला वाळकं रक्त
आणि मधोमध टाचणीच्या टोकाएवढं भोक:
ती बुटकी काळी माशी. चावताना कळत नाही,
दुसऱ्या दिवशी आरसा ओळख देत नाही.
मनगटाभोवती, बाही संपते तिथं,
राई सांडल्यासारखी चिलटं.
पोटरीवर एकच, कढत, टणक, तळहाताएवढी सूज.
गोमाशी. ती टोचत नाही, कापते.

"रेनडिअर पांगले की ती आपल्यावर येते," वेइक्को म्हणाला.
दोन आठवडे कुंपणापाशीच होतो म्हणाला,
वासरांच्या कानांवर खुणा करत,
तंबूत झोपत.

"हं," मी म्हटलं.

तळ्याचं पाणी आणलं, गार, दात शिवशिवतील असं.
फडकं पिळून मानेवर ठेवलं.
एका जुन्या मोज्यात ओटचं पीठ बांधून
कोमट पाण्यात दाबत राहिले,
पाणी दुधाळ झालं तेव्हा हात बुडव म्हटलं.
खायचा सोडा तीन चमचे, पाणी एक,
बशीत कालवला.
आई डांबर फासायची. त्यानं किडे लांब राहतात,
चावून गेल्यावर काही होत नाही,
पण आईला कोण सांगणार होतं.
"नखं काप आधी," मी म्हटलं.
"खाज म्हणजे आगंतुक पाहुणा,
विचारपूस केली की मुक्काम वाढवतो."

तो हसला. खांदे हलले.
आणि डाव्या पात्यावर मला दिसले
तीन. एका ओळीत.
कुणी धावदोरा घालत गेल्यासारखे.
कमरेशी आणखी तीन, तशीच ओळ.

जंगलात ढेकूण नसतात.
ढेकूण पलंगात राहतात, भाड्याच्या खोलीतल्या,
जिच्या खिडकीखालून बस जाते
आणि बस कदाचित
रोव्हानिएमीच्या मोठ्या इस्पितळापाशी थांबते.

माझं बोट थांबलं.
त्याच्या पाठीला ते कळलं.
खाजवून खरूज काढू नये म्हणतात.
मी सोडा लावला, तिथंही लावला,
जरा जाडच थर.

"पिशवी कुठंय तुझी?"
"का?"
"सौनात ठेवते. कपडे, बूट, सगळंच. आज कडक तापवते."
तो पिशवीकडे बघत राहिला.
मग बाजूच्या कप्प्यातून एक लांबट पाकीट काढून
विजारीच्या खिशात कोंबलं.
"कागद तापवू नयेत," म्हणाला.

बर्चची लाकडं तडतडत होती.
धुरामुळे डास जरा मागे सरले होते, सगळे नाही.
मी बशी विसळली, मोजा पिळून तारेवर टाकला.
बोलायला काही नव्हतं म्हणून
शाळेत मुलांना सांगायचे तेच सांगितलं:
सगळं घरच्या घरी बरं होतं असं नाही.
डाग पसरत गेला, कडेला लाल, मधे फिका,
ताप आला, ओठ सुजले, श्वास लागला,
तर सोडा, ओट, आईचं डांबर, सगळं ठेवायचं
आणि डॉक्टरकडे जायचं.
लाजायचं नाही. एकट्यानं जायचं नाही.

तळ्यावर ऊन तसंच, हललंच नव्हतं.

"गेलो होतो," वेइक्को म्हणाला.

फडकं गरम झालं होतं.
मी ते पुन्हा बादलीत बुडवलं.