तीन चाळीस

आमच्या खोलीत चार पलंग, दोनावर दोन रचलेले.
वर नंदिनत्सेत्सेग, खाली मी.
समोरच्या दोघी परीक्षा संपल्यावर गावी गेल्या.
उलानबातरचा जानेवारी. खिडकीच्या फटीला
चिकटपट्टी लावली आहे, तरी कोळशाचा वास
आत येतो आणि उशीत बिऱ्हाड करतो.

तिला सगळे नंदिया म्हणतात.
भूगर्भशास्त्र, दुसरं वर्ष.
ऑक्टोबरात तिनं वडिलांच्या जुन्या कोटातला फोटो टाकला,
आणि कुणीतरी खाली लिहिलं:
चेहरा नसता तर छान आला असता.
एवढंच.
बाकी चारशे बारा बदाम होते.
पण मूठभर बदामांत एक कडू निघाला
की तोंडाची चव जाते ती जातेच.
खनिजांची नावं पाठ करायची सोडून
ती त्या माणसाचा चेहरा शोधू लागली.
त्याच्या फोटोत नुसती एक मोटार होती.

मला कसं कळायचं?
वरच्या फळ्यांच्या फटींतून उजेड गळायचा,
माझ्या पांघरुणावर निळ्या रेघा.
रेघ हलली की समजायचं, बोट हललं.
मी तरी कुठे साळसूद होते?
माझ्याही रेघा पडत असणार,
माझ्याखाली फक्त जमीन होती, म्हणून कुणी पाहिल्या नाहीत.

दोघींत अंतर दीड हात.
तेवढ्यावरून आम्ही एकमेकींना मांजरांचे व्हिडिओ पाठवायचो.
ती हसली की पलंग हलायचा.
नोव्हेंबरनंतरही हसरे चेहरे येत राहिले,
पलंग हलला नाही.

त्या रात्री तीन चाळीसला:
झोपलीस का?

मी जागी होते.
कुणा अनोळखी बाईचं स्वयंपाकघर बघत होते,
ती एकसारख्या डब्यांत एकेक कडधान्य ओतत होती.
मी वाचलं. वाचल्याची खूण तिला दिसली असणार.
वाटलं, एवढा डबा भरून होऊ दे.
मग दुसरा.
मग लाज वाटली, म्हणून एक बदाम पाठवला.
शब्द नाही. बदाम.

सकाळी वरचा पलंग रिकामा.
बाहेर उणे चौतीस.
फोन लावला, बंद.
बंद म्हणजे काय काय असू शकतं
ते जिना उतरताना माझ्या मागे मागे येत होतं.
माझ्या एका पायात माझा बूट, दुसऱ्यात समोरचीचा.

दहाच्या सुमाराला ती फाटकातून आली,
पापण्यांवर बर्फाची पूड.
म्हणाली, थांब्यावरच बॅटरी मेली. थंडीत मरते ना.
बसचे पैसे फोनमध्ये. मग चालत गेले.
कुठे?
नदीवर. मग परत.
वाटेत एका म्हाताऱ्यानं विचारलं, किती वाजले?
मला सांगता येईना.
दोघं सूर्य शोधत उभे राहिलो, धुरात सापडला नाही.
तो म्हणाला, मग अजून वेळ आहे.

नदीवर का, हे मी विचारलं.
अंगातलं सगळं धैर्य त्या दोन शब्दांत संपलं.
तिनं उत्तर दिलं. ते इथे लिहिणार नाही.

फोन मोज्यात घालून गरम नळ्यांवर ठेवला.
तासाभरानं तो थरथरत जागा झाला, एकसष्ट वेळा.
बुटांची सवलत. कुणाचा वाढदिवस.
ओठांचा नवा रंग.
माझे बावीस कॉल.
आणि सगळ्यांच्या तळाशी, तीन एकेचाळीसचा, बदाम.
हा तुझा? तिनं विचारलं.
हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या मजल्याच्या टोकाला उंद्राख बाई बसतात.
पाच आठवड्यांची रांग आहे, आम्ही नाव घालून आलो.
आमच्या हातून फोन सुटले, झोपा लागल्या,
असलं काही झालं नाही.
निळ्या रेघा अजून पडतात.
मात्र त्या हलल्या की मी खालून फळीवर बोटं वाजवते.
बहुतेकदा वरून उत्तर येतं, टक टक.
कधी येत नाही.
तेव्हा उठते, शिडी चढते.
लोखंडाच्या चार पायऱ्या,
अनवाणी पायांना चटका बसतो.