सुतारानं उपटलेला खिळा

रंगकाम निघालं म्हणून खिडकीला प्लायवूड ठोकलं,
एक खिळा वाकडा गेला, सुतारानं उपटून घेतला.
तापात पडलेय, दुपारचे दोन,
आणि समोरच्या कोऱ्या प्रायमरवर
अख्खा कर्वे रस्ता उलटा चालतोय.

छताला चिकटून रिक्षा जाते.
आभाळ खाली, फरशीपाशी,
आणि बहाव्याचे लोंबते घोस
ज्योतींसारखे वर उभे.

शाल्मली क्लासहून आली, दप्तरही न काढता म्हणाली,
"प्रकाश सरळच जातो गं आई.
भोकातून वरचा खाली, खालचा वर.
तुझ्या डोळ्यातसुद्धा असंच पडतं."

म्हणजे बावन्न वर्षं मी
हे सगळं सुलटं करत बसलेय,
भाजी निवडतानाही.

मोबाइल उशीला टेकवला. अर्ध्या मिनिटाचं एक्स्पोजर.
फोटोत रिक्षा नाही, पीएमटी नाही,
घाईतलं कुणीच उमटलं नाही.
बहावा आहे, जरासा थरथरलेला.
आणि कोपऱ्यावरचे चावीवाले निजामभाई,
बसण्याच्या ढबीवरून ओळखू येतात,
टोपी, गुडघे, पाठ, सगळं जागच्या जागी.
हात तेवढे
धूर.