हितं गाठ हाय

वडगावात, दस्तगीरच्या मागांच्या वर
दहा बाय बाराच्या खोलीत आमचा सिनेमा राहतो.
भाडं नाही. मांजराला दूध घालायचं
आणि उतरताना जिन्यातला दिवा मालवायचा, एवढंच.

खाली सहा माग. सकाळी सातपासून
असा खटखटाट, की चहाचा कप टेबलावर चालत
कडेपर्यंत येतो. मी त्याला परत मधे ठेवते.
कट कुठं मारायचा ते म्हणे कानाला कळतं.
माझ्या कानात नुसता धोटा, इकडून तिकडं.

भरमा फाउंड्रीतली दुसरी पाळी उरकून येतो,
साडेअकराला, भुवयांत काळी रेती घेऊन.
रंगाचं तो बघतो. कुठं शिकलेला नाही.
लोखंड किती तापलंय ते नुसतं बघून सांगतो,
तसंच गंगव्वाच्या चुलीवर बोट ठेवतो:
"एवढ्या केशरीत भाकरी करपती बघ."
मी केशरी दोन घरं मागं घेते.
"आणि थोडं."
घेते.
"हां. आता भूक लागली."

गंगव्वाची रात्रीची खाणावळ, मार्केट यार्डाजवळ.
तिच्यामागं आम्ही अकरा महिने कॅमेरा घेऊन फिरलो.
तिला वाटायचं, आम्ही बँकेतून आलोय.

शिवगंगा रविवारी बैलहोंगलच्या बसनं येते
पडद्याखालच्या ओळी लिहायला,
मराठीला कन्नड, कन्नडला मराठी.
आणि पहिल्याच वाक्याला अडते.
"भाकरी घे की गं, इन्नोंदु तगो, लाजू नको."
दोन सेकंदांत तीनदा पट्टी पलटते खाली,
वाचणाऱ्याचे डोळे फिरतील.
तिनं पेन्सिल केसात खोचली, दोन पोहे खाल्ले,
म्हणाली, "हात पुढं केलेला दिसतोय. भाकरी दिसती.
इथं काहीच लिहू नको."
आमची सगळ्यात चांगली ओळ ती. कोरी.

शांतता मात्र फक्त अमावास्येला मिळते.
माग बंद. ऑल्विन चर्चमधला ऑर्गन सोडून
दोन माइक आणि आईची गोधडी घेऊन आला,
गोधडी खिडकीला ठोकली, म्हणाला,
एक मिनिट कोणी हलायचं नाही,
मला खोलीचा आवाज पाहिजे.
आम्ही पाचजण भिंतीला टेकून उभे.
भरमाचं पोट वाजलं. परत पहिल्यापासून.
मांजर आलं. परत.
तिसऱ्यांदा ते मिनिट सापडलं.
ऐकून बघितलं, तर आत काहीच नव्हतं,
आणि सगळ्यांचे श्वास धरलेले होते.

मी पॅथॉलॉजीत रक्त तपासते दिवसभर.
बारीकसारीक दिसतं म्हणून मला माज होता.
शेवटच्या रात्री एक्याऐंशी मिनिटं चालवली
आणि दस्तगीर वर आला, लुंगीला हात पुसत,
बस म्हटलं तरी बसला नाही.
कापड बघतो तसा बघत राहिला,
मान तिरकी, उजेड पलीकडून येतोय असं.
संपल्यावर विचारलं, "किती वार झालं?"
आम्ही हसलो. तो नाही हसला.
"मधे गंगव्वा ताट ठेवती बघा,
आणि एकदम भांडी घासती.
हितं गाठ हाय."

तिथं चार सेकंद काढली होती मीच.
ती थेट कॅमेऱ्यात बघून हसते, विचारते, "साकेनु?"
पुरे का? म्हणून.
चूक म्हणून काढली होती. नियमानं चूकच.
भरमानं माझ्याकडं बघितलं नाही.
शिवगंगा झोपली होती, तोंड उघडं टाकून.

डब्यातून ती चार सेकंद शोधायला
चाळीस मिनिटं लागली. जोडली.
नव्याण्णव टक्क्यांवर वीज गेली.
दस्तगीरनं शिव्या घालत कुठून तरी
एक वायर जिन्यातून वर आणली,
कुणाच्या मीटरची ते आम्ही विचारलं नाही.

नावांच्या यादीत तुझं काय लिहू म्हटलं,
तर तो केव्हाच खाली गेलेला.
सात वाजले.
कप हलायला लागला.