अडतीस किलो

म्युझियमची मुलगी रेकॉर्डर टेबलावर ठेवून विचारते,
त्या पैजेचं काय आठवतं, गार्बिन्ये आजी?
मी म्हणते, दुधाचे कॅन.

अकरा वर्षांची होते. बापाने गोठ्याला आतून कडी घातलेली,
कंदील जमिनीवर,
आणि ग्रॅनाइटचा गोळा उताणा, पोटाकडून उघडा.
छिन्नीला फडकं गुंडाळून सहा रात्री तो कोरत राहिला
आणि दगडाची आतडी कॅनमध्ये भरून
मी नदीवर नेत राहिले. आठ खेपा.
कुणी हटकलंच तर सांग, निवळी आहे, डुकरांची.
कुणी हटकलं नाही.
पोकळीत त्याने आमच्याच मेंढीची लोकर ठासली,
वर चुना नि दगडाची भुकटी लिंपली,
आणि पहाटे माझ्या डोक्यावर हात ठेवला
जो त्याने एरवी कधी ठेवला नाही.

आदल्या दिवशी पाद्रीबुवांसमोर काट्यावर चढला तो खरा दगड.
दीडशे किलो. चौकात उतरला तो हा.

एर्रापेल दहा मिनिटांत बावीस वेळा खांद्यावर घेणार,
अशी इत्सुरानची पैज.
लेस्कातेवाल्यांनी गायी लावल्या होत्या,
एकाने सफरचंदाची बाग,
न्हाव्याने तर बायकोचं शिवणयंत्र, तिला न विचारता.
एर्रापेलला कुणी काही सांगितलं नव्हतं.
पहिल्याच उचलीला गोळा असा भसकन वर आला
की तो मागच्या मागे कोलमडणार होता.
सावरला. गर्दीत माझ्या बापाला शोधलं.
मग कण्हायला लागला.

काय कण्हला! मानेच्या शिरा, तोंडाला फेस,
सतराव्याला बायका रडायला लागल्या,
विसाव्याला त्याची आई म्हणाली, पुरे रे, मरशील.
दर वेळी दगड गादीवर पडायचा
आणि बाप डोळे मिटून आवाज ऐकायचा.
आवाज भरीव होता. लोकर चांगली होती.
बावीस झाले. तेविसावा त्याने उगाच घेतला.
तो का घेतला, हे मला अजून कळलेलं नाही.

संध्याकाळी गायी पूल ओलांडून इकडे आल्या,
माना वळवून हंबरत. शिवणयंत्र हातगाडीवर.
दगड चर्चच्या दारात चौथऱ्यावर बसवला,
त्यावर एर्रापेलचं नाव, तारीख, बावीस हा आकडा.
तेविसावा धरला नाही.
एकतीस वर्षं पोरं त्यावर घसरली,
नवऱ्या मुलींनी टेकून फोटो काढले.

मग तो हिवाळा आला, नळ फुटले, दगडही तडकला.
दगडाला पाझर फुटतो म्हणतात.
आमच्या दगडाला लोकर फुटली.
आणि ती पहिल्यांदा पाहिली चिमण्यांनी.
एप्रिलभर ओढून ओढून नेत होत्या घरट्यांना,
लोकांनी माना वर केल्या, मग खाली,
मग लेस्कातेहून माणसं आली, वयस्क, टोप्या हातात,
भांडायला आलेली, आणि नुसती बघत राहिली.
न्हाव्याचा मुलगा बोटभर लोकर कागदात बांधून घेऊन गेला.

बाप तोवर गेला होता. नाव एर्रापेलचं खराब झालं.
तेवीस वेळा उचललेले एकशे बारा किलो
कुणी हिशेबात धरले नाहीत.
आणि उरलेले अडतीस, बाई,
ते मी उचलले होते, अनवाणी, अंधारात. तेही लिहू नका.

खरा दगड? मुलगी विचारते. मी खांदे उडवते.

त्याची बायको गेली त्या वर्षी तो आला होता,
सत्तरीचा, दारात उभा. कुठे आहे, एवढंच म्हणाला.
डुकरांच्या डोणीखाली, मी म्हणाले, डोण हलवायला मदत कर.
त्याने कोट काढला, घडी घालून कुंपणावर ठेवला,
चामड्याचा जुना पट्टा आवळला, वाकला.
या वेळी कण्हला नाही.
गुडघ्यापर्यंत आला दगड. बराच वेळ तिथेच राहिला,
मांडीवर घेतलेल्या मुलासारखा.
मग त्याने तो हळूच खाली ठेवला.
मी शेंगा सोलत होते. घड्याळ कुणी लावलं नव्हतं.

मुलगी म्हणते, अजून काही?
मी म्हणते, तुमचं यंत्र लाल दिवा दाखवतंय.